मेंदूच्या ऊर्जेचा हिशेब

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांच्या शिबिरात बोलण्याचा योग आला. विषय होता ‘पेशी आणि ऊर्जा’. व्याख्यान संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका बाई उठल्या आणि म्हणाल्या, “सर, आठवीनंतर मुलींचे गणितातले लक्ष कमी होते, असे आमच्याकडे पालक सांगतात. पाळी सुरू झाली की शरीराची शक्ती तिकडे खर्च होते, मग मेंदूला काय उरणार, असा त्यांचा हिशेब. विज्ञान काय म्हणते?” सभागृहात थोडी कुजबुज झाली. वेळ संपत आली होती, त्यामुळे दोन वाक्यांत काहीतरी उत्तर देऊन मी खाली बसलो. ते उत्तर माझे मलाच अपुरे वाटले.

घरी आल्यावर ध्यानात आले, की हा प्रश्न नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी तो याच शब्दांत, याच हिशेबाने आणि विज्ञानाच्याच नावाने विचारला गेला होता. त्याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना आधी मेंदूची ऊर्जा मोजायला शिकावे लागले आणि मग संप्रेरके ओळखावी लागली. ती कहाणी शिक्षकांना आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे.

एका नियमाचा गैरवापर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ऊर्जा अक्षय्यतेचा नियम प्रस्थापित झाला. मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ यांच्या कामातून १८४० च्या दशकात हे स्पष्ट झाले, की ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. तिचे फक्त रूप बदलते. वाफेच्या यंत्रांच्या त्या युगात या नियमाचा समाजावर मोठा प्रभाव पडला आणि तो जिथे तिथे लावला जाऊ लागला.

१८७३ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे एडवर्ड क्लार्क या डॉक्टरांचे मुलींच्या शिक्षणावरील एक पुस्तक प्रसिद्ध झाले. क्लार्क हे हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले प्रतिष्ठित गृहस्थ. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : शरीरातील ऊर्जा मर्यादित आहे आणि एकाच वेळी दोन मोठी कामे ती नीट करू शकत नाही. वयात येणाऱ्या मुलीच्या शरीरात प्रजननसंस्था घडत असते. त्या काळात तिने मुलांसारखा अभ्यास केला तर ऊर्जा मेंदूकडे ओढली जाते, प्रजननसंस्था दुबळी राहते आणि मुलगी आजारी पडते. म्हणून दर महिन्याला पाळीच्या दिवसांत मुलींना अभ्यासातून सुट्टी द्यावी आणि मुलामुलींना एकत्र, एकाच पद्धतीने शिकवू नये. पुराव्यादाखल त्यांनी आपल्याकडे आलेल्या काही थोड्या तरुणींच्या आजारांची वर्णने दिली होती. पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ली या मनोविकारतज्ज्ञाने तेच मत उचलून धरले.

यातील चूक कुठे आहे? नियम बरोबरच आहे. पण तो लावताना हिशेबाच्या वहीत फक्त खर्चाची बाजू धरली आणि जमेची बाजू सोडून दिली. शरीर ही बंद पेटी नाही. आपण जेवतो, श्वास घेतो. खर्च वाढला तर भूक वाढते. शिवाय मेंदूला किती ऊर्जा लागते आणि अभ्यासाने ती किती वाढते, हे त्या काळी कोणी मोजलेलेच नव्हते. एकही मोजमाप न करता एवढा मोठा निष्कर्ष काढण्यात आला होता, आणि त्यावरून मुलींनी काय शिकावे हे ठरू पाहत होते.

मोजणाऱ्या दोघी

क्लार्क यांना उत्तरे अनेकांनी दिली, पण मोजमापाने उत्तर देणारी पहिली महत्त्वाची व्यक्ती म्हणजे मेरी पटनम जेकोबी. या फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या १८६४ सालच्या पदवीधर. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली ज्या महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, तेच हे महाविद्यालय. क्लार्क यांचे म्हणणे खरे मानले गेले असते, तर अशा महाविद्यालयांना अर्थच उरला नसता.

हार्वर्डने १८७४ च्या सुमारास एका पारितोषिकासाठी विषय जाहीर केला : पाळीच्या काळात स्त्रियांना विश्रांतीची गरज असते काय? निबंध निनावी पाठवायचे होते. जेकोबी यांनी एक हजार प्रश्नपत्रिका वाटल्या. त्यांपैकी २६८ भरून परत आल्या. त्याशिवाय काही स्त्रियांची नाडी, तापमान, स्नायूंची ताकद आणि लघवीतील युरिया यांची महिनाभर मोजमापे घेतली. निष्कर्ष असा, की जिचे पोषण नीट आहे अशा स्त्रीला पाळीमुळे कामातून किंवा अभ्यासातून विश्रांती घेण्याची गरज असल्याचे दिसत नाही. १८७६ साली पारितोषिक या निबंधाला मिळाले. ‘पोषण नीट आहे’ ही त्यांची अट लक्षात ठेवा. शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

दुसऱ्या लेटा हॉलिंगवर्थ. नेब्रास्कात त्या शाळेत शिकवत. लग्नानंतर न्यूयॉर्कला आल्या, तेव्हा विवाहित स्त्रियांना तिथल्या शाळांत नोकरी मिळत नसे. म्हणून त्यांनी पुढे शिक्षण घेतले आणि कोलंबिया विद्यापीठात प्रबंधासाठी हाच प्रश्न निवडला. तेवीस स्त्रिया आणि तुलनेसाठी दोन पुरुष यांच्या चाचण्या त्यांनी घेतल्या. बोटाने भराभर टकटक करणे, हात स्थिर धरणे, रंगांची नावे सांगणे, विरुद्धार्थी शब्द सांगणे अशा त्या चाचण्या होत्या. काहींच्या चाचण्या तीन महिने चालल्या. १९१४ साली निष्कर्ष छापला गेला : पाळीच्या दिवसांत कामगिरी घसरते असे आकडे दाखवत नाहीत.

रक्तातून जाणारे निरोप

आता या कहाणीचा दुसरा धागा पाहू. प्रजननसंस्था आणि मेंदू यांचा संबंध आहे हे पशुपालकांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. खच्ची केलेला बैल शांत होतो, हे आपल्या शेतकऱ्यालाही माहीत असते. पण हा संबंध कशामार्फत पोचतो? १८४९ साली जर्मनीतील गटिंगेन येथे आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषण काढलेल्या कोंबड्याचा तुरा लहान राहतो, तो आरवत नाही, भांडत नाही. पण तेच वृषण त्याच्या पोटात दुसऱ्या जागी बसवले, तर तुरा वाढतो आणि भांडणही परत येते. जुनी चेतातंतूंची जोडणी तुटलेली असूनही हे घडले. म्हणजे वृषणातून रक्तात काहीतरी मिसळते आणि रक्तामार्फत सर्व शरीरावर परिणाम करते.

अशा पदार्थांना ‘हार्मोन’ हे नाव १९०५ साली अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी दिले. मराठीत आपण संप्रेरक म्हणतो. इस्ट्रोन हे अंडाशयाचे संप्रेरक १९२९ साली अमेरिकेत डॉइसी आणि जर्मनीत बुटेनान्ट यांनी स्वतंत्रपणे शुद्ध रूपात मिळवले. १९३५ साली ॲमस्टरडॅममध्ये सुमारे शंभर किलो बैलांच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन वेगळे केले गेले. हाती आले जेमतेम १० मिलिग्रॅम!

‘पुरुषाचे’ आणि ‘स्त्रीचे’ अशी या संप्रेरकांची वाटणी मात्र फार काळ टिकली नाही. १९३४ साली बर्नहार्ड झोंडेक यांना घोड्याच्या, म्हणजे नराच्या, मूत्रात इस्ट्रोजेनचे प्रचंड प्रमाण आढळले. कारण पुढे कळले. टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन यांच्या रेणूंत फरक थोडा असतो आणि ॲरोमॅटेज नावाचे विकर पहिल्यापासून दुसरे बनवते. १९७० च्या दशकात फ्रेडरिक नॅफ्टोलिन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की हे रूपांतर मेंदूतही होते. म्हणजे पुरुषांच्या मेंदूतही इस्ट्रोजेन असते आणि ते तिथेच तयार होते. १९६८ च्या सुमारास किरणोत्सारी इस्ट्रोजेन उंदरांना टोचून ते मेंदूतल्या कोणत्या चेतापेशींत साठते याची चित्रेही मिळाली. संप्रेरके मेंदूत पोचतात, तिथे त्यांना धरून ठेवणारे ग्राही रेणू असतात, एवढे नक्की झाले. ती मेंदूच्या ऊर्जेचे काय करतात, हे सांगण्यासाठी ती ऊर्जा मोजता येणे आवश्यक होते.

पंधरा वॅटचा मेंदू

हे काम पुन्हा फिलाडेल्फियातच झाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी १९४० च्या दशकात एक युक्ती शोधली. माणसाला दहा मिनिटे थोडा नायट्रस ऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला द्यायची. मेंदूकडे जाणारे रक्त आणि मेंदूकडून मानेतील नीलेवाटे परत येणारे रक्त, दोन्हींतील वायूचे प्रमाण ठरावीक वेळाने तपासायचे. यावरून मेंदूतून किती रक्त वाहते हे कळते. दोन्हींतील ऑक्सिजनचा फरक माहीत असला की मेंदूने किती ऑक्सिजन वापरला हेही निघते.

निरोगी तरुण पुरुषांत त्यांना आढळले, की मेंदूचा दर १०० ग्रॅम भाग मिनिटाला ३.३ मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. पुढचे गणित वर्गात फळ्यावर करता येईल. मेंदूचे वजन १४०० ग्रॅम धरले तर मिनिटाला सुमारे ४६ मिलिलिटर ऑक्सिजन. एक मिलिलिटर ऑक्सिजन वापरून अन्नातून साधारण २० जूल ऊर्जा मिळते. म्हणजे मिनिटाला ९२० जूल. साठने भागले की सुमारे १५ वॅट. विश्रांतीत सर्व शरीर मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन घेते. म्हणजे वजनाने दोन टक्के असलेला मेंदू ऊर्जेचा जवळजवळ पाचवा हिस्सा घेतो. एरवी त्याचे मुख्य इंधन ग्लुकोज. दिवसाला सुमारे ११० ग्रॅम.

मग अभ्यासाने हा खर्च किती वाढतो? १९५५ साली केटी यांचे सहकारी लुई सोकोलॉफ यांनी हेच पाहिले. लोकांना तोंडी गणिते घातली आणि मेंदूचा ऑक्सिजन मोजला. एकूण खर्चात फरक पडला नाही! विचार करणारा मेंदू आणि स्वस्थ पडलेला मेंदू, दोघांचे बिल जवळजवळ सारखेच. मेंदूची बहुतेक ऊर्जा चेतापेशींना सतत तयारीत ठेवण्यासाठी खर्च होत असते. गणित सोडवताना मेंदूतील काही भागांचा वापर वाढतो, पण एकूण बेरजेत तो फारसा दिसत नाही. क्लार्क यांच्या हिशेबाचा पायाच इथे निखळला. बीजगणिताने मुलीच्या शरीरातून ऊर्जा उपसली जात नाही, हे कळायला ८२ वर्षे लागली.

संप्रेरक आणि इंधन

मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज घेतो हे कळण्याची पद्धतही सोकोलॉफ यांनीच १९७७ साली सविस्तर मांडली. डीऑक्सिग्लुकोज हा ग्लुकोजचा जुळा भाऊ. तो ग्लुकोजच्याच दारातून पेशीत शिरतो, पण पहिल्या पायरीनंतर त्याचे विघटन थांबते आणि तो तिथेच अडकून पडतो. त्याला किरणोत्सारी कार्बनची खूण लावली, की जास्त ग्लुकोज वापरणारे भाग चित्रात गडद दिसतात. फ्लोरिनची खूण लावलेले त्याचे रूप १९७६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पहिल्यांदा माणसाला टोचले गेले. आज रुग्णालयांत ‘पेट स्कॅन’ म्हणतात त्यात बहुधा हाच पदार्थ वापरतात.

१९८४ साली नाम्बा आणि सोकोलॉफ यांनी ही पद्धत वापरून उंदरांना मोठ्या प्रमाणात इस्ट्रोजेन दिले. मेंदूभर ग्लुकोजचा वापर वाढला. १९९० च्या दशकात फ्लोरिडातील जेम्स सिम्पकिन्स यांच्या गटाला दिसले, की इस्ट्रोजेनमुळे रक्त आणि मेंदू यांच्यामधील पडद्यात ग्लुकोज आत नेणारी प्रथिने वाढतात. त्यानंतर रोबर्टा ब्रिंटन आणि सहकाऱ्यांनी पेशीतल्या तंतुकणिकांवर, म्हणजे मायटोकॉन्ड्रियावर, लक्ष केंद्रित केले. उंदरांत इस्ट्रोजेनमुळे तिथली ऊर्जानिर्मितीची प्रथिने बदलतात आणि श्वसन अधिक कार्यक्षम होते. हे संप्रेरक दाराशीही काम करते आणि चुलीपाशीही.

म्हणजे क्लार्क यांचा हिशेब अपुरा होता एवढेच नव्हे, तर त्याची दिशाच उलटी होती. मुलगी वयात येताना अंडाशयातून जे संप्रेरक रक्तात येते, ते मेंदूची ऊर्जा पळवत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांवरून तरी ते मेंदूला इंधन वापरायला मदत करते असे दिसते.

दुसऱ्या टोकाची चूक

इथेच थांबलो तर गोष्ट सुखान्त होईल, पण खरी राहणार नाही. इस्ट्रोजेन मेंदूला उपकारक असेल, तर रजोनिवृत्तीनंतर ते गोळ्यांतून दिल्यास म्हातारपणीचा स्मृतिभ्रंश टळेल, अशी आशा निर्माण झाली. असे उपचार स्वतःहून घेणाऱ्या स्त्रियांत स्मृतिभ्रंश कमी दिसतो, असे काही पाहण्यांत आढळलेही. पण अशा स्त्रिया बहुधा अधिक शिकलेल्या आणि सुस्थितीतल्या असतात, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेत ६५ वर्षांवरील ४५३२ स्त्रियांवर चाचणी झाली. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनची संयुक्त गोळी कोणाला आणि दिसायला तशीच निरुपद्रवी गोळी कोणाला, हे चिठ्ठी टाकावी तसे ठरवले होते. २००३ साली निकाल आला. स्मृतिभ्रंश खऱ्या औषधाच्या गटात ४० जणींना, तर दुसऱ्या गटात २१ जणींना. म्हणजे धोका कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट!

असे का झाले? एक गृहीतक असे, की अंडाशयाचे काम थांबते त्याच सुमारास इस्ट्रोजेन मिळाले तर मेंदूतील ऊर्जाव्यवस्था टिकते. उशिरा मिळाले तर तोवर बदललेल्या पेशींना त्याचा उपयोग होत नाही, कदाचित अपायच होतो. पण नुकतीच रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांना चार वर्षे हे उपचार देऊन पाहिले, तेव्हा आकलनशक्तीत ना फायदा दिसला ना तोटा. तो निकाल २०१५ चा. गृहीतकावर अजून वाद चालू आहे.

२०१७ साली न्यूयॉर्कमध्ये लिसा मॉस्कोनी आणि सहकाऱ्यांनी चाळीस ते साठ वयाच्या ४३ स्त्रियांचे पेट स्कॅन केले. पाळी चालू असलेल्यांपेक्षा, ती थांबत आलेल्या आणि थांबलेल्या स्त्रियांच्या मेंदूत ग्लुकोजचा वापर कमी आढळला. पण इथे वेगवेगळ्या स्त्रियांची तुलना होती. एकाच स्त्रीचा पुढे पाठपुरावा नव्हता. याच गटाच्या २०२१ च्या कामात असेही दिसले, की रजोनिवृत्तीनंतर मेंदू काही बाबतींत स्वतःला जुळवून घेतो. शिवाय ग्लुकोज कमी वापरला जाणे म्हणजे बुद्धी कमी होणे नव्हे. चाळिशी-पन्नाशीतल्या शिक्षिकांना नावे पटकन न आठवणे, झोप मोडणे असा अनुभव येत असेल, तर तो शरीरातील खऱ्या बदलाचा भाग असू शकतो. तो आळस नव्हे आणि वेडही नव्हे. उपचाराचा निर्णय मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

बाईंच्या प्रश्नाला उत्तर

शिबिरातल्या त्या बाईंना मी आता असे सांगेन. मुलींच्या पाळीमुळे मेंदूची शक्ती कमी होत नाही. १९१४ साली हॉलिंगवर्थ यांनी तेवीस स्त्रियांवर जे पाहिले, तेच २०२५ साली शंभराहून अधिक अभ्यासांचे आकडे एकत्र तपासून पुन्हा दिसले : पाळीच्या चक्राबरोबर बौद्धिक कामगिरी ठळकपणे बदलते याला भक्कम पुरावा नाही.

मग आठवीतल्या एखाद्या मुलीचे लक्ष खरोखरच उडत असेल तर? तेव्हा जेकोबी यांची अट आठवावी : पोषण नीट आहे काय? पाळीत रक्ताबरोबर लोहही जाते आणि जेवणात ते पुरेसे नसेल तर रक्तक्षय होतो. ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला लोह लागते, तसेच तंतुकणिकांतील ऊर्जा तयार करणाऱ्या प्रथिनांनाही. त्याशिवाय पोटात दुखत असताना गणित कोणालाच सुचत नाही, आणि शाळेत वापरण्याजोगे स्वच्छतागृह नसेल तर मुलगी त्या चार दिवसांत शाळेतच येत नाही. बुडालेले तास मग ‘लक्ष कमी झाले’ या नावाने हजेरीपटाबाहेर मोजले जातात.

तेव्हा पालकांना उत्तर देण्याआधी वर्गातल्या मुलींचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, डब्यात काय येते ते पाहावे, शाळेच्या स्वच्छतागृहाला पाणी आणि आतून कडी आहे ना, हे स्वतः जाऊन बघावे. हिशेब मांडायचाच असेल, तर तो या नोंदींपासून सुरू करावा.